डीपीतली तार

कुठल्याही वस्तूला हात लावायचा तर तो आधी हाताची मागची बाजू लावायचा. दुकानाचं शटर, हॉटेलातला चहाचा पेला, माझ्या वाचनालयाचं लोखंडी कपाट, अगदी तापलेल्या माणसाचं कपाळसुद्धा. तळहाताला करंट बसला तर मूठ आवळते आणि माणूस चिकटून राहतो. उलट्या हाताला बसला तर हात झटकला जातो आणि माणूस सुटतो, असं त्याचं शास्त्र होतं. ते खरंही आहे. पण चहाच्या पेल्याला ते लावणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

नव्या जागी गेला की नमस्काराच्या आधी विचारायचा, "अर्थिंग कुठंय?" लग्नाला गेला तरी आधी मांडवाच्या मागं जाऊन जनरेटरवाल्याला हा प्रश्न विचारून यायचा, मग अक्षता हातात घ्यायचा. एका नवरदेवाच्या बापानं त्याला मांडवातच सुनावलं होतं, "पावणं, जेवायला आलाय का तपासणीला?" तो म्हणाला, "जेवायलाच. पण जिवंत जेवावं म्हणतो."

आळेफाट्यावर एसटीची वाट बघत तुम्ही कधी उभे राहिला असाल तर त्याच्या गाळ्यासमोरून नक्की गेला असाल. पाटी नव्हती. "पाटी कशाला? ज्याचं जळलंय त्यो वास घेत येतो," असं त्याचं म्हणणं. त्याचा गाळा आणि माझं वाचनालय यांच्यात एक पातळ भिंत होती. मला तो नावानं कधी हाक मारत नसे, 'वाचनालय' म्हणायचा.

"काय वाचनालय, आज गिऱ्हाईक किती?"

"दोघं. त्यातला एक पंख्याखाली झोपायला आलाय."

"मग पंखा बंद करा की राव. खरं वाचणारं कोण ते लगीच कळंल."

मोठमोठ्या कंपन्यांचे सर्व्हर निकालात निघाले की त्यांचे पॉवर सप्लाय पुण्याच्या भंगारात येतात. हा ते पोत्यात भरून आणायचा. लांबट, चपटी, विटेसारखी पेटी. तिला बटण नसतं. मागच्या ठरावीक दोन पिनांमध्ये तारेचा तुकडा अडकवला की ती जागी होते, आणि जागी होते म्हणजे आतला टीचभर पंखा असा किंचाळायला लागतो की पलीकडे कादंबरी वाचणाऱ्याला नायिका काय बोलली ते पुन्हा वाचावं लागतं. मी भिंतीवर थाप मारायचो. तो ओरडायचा, "झालंच! जरा दम घेऊ द्या त्याला!"

नम्रता त्याच्या स्वभावात नव्हती. "ह्या इटंतनं बाराच व्होल्ट निघत्यात. बारा. पोरगं बी धरील हातात. पण मागं करंट किती हाय बघायचाय? खिळा लाल करून दावू?" आणि दाखवायचाच. पेटीला जाड तारा सोल्डरिंगचा डाग देऊन बसवायच्या, किंचाळणारा पंखा काढून मोठा, सावकाश फिरणारा बसवायचा, आणि ती वीट कुणाच्या बॅटऱ्या चार्ज करायला, कुणाच्या बिबट्याच्या भीतीनं लावलेल्या दिव्यांना जोडून द्यायची, हा त्याचा धंदा. जगातलं निम्मं सामान लोक उगाच फेकून देतात आणि उरलेलं निम्मं चुकीचं जोडतात, असं त्याचं ठाम मत होतं. फ्यूज गेला म्हणून चिडणाऱ्या गिऱ्हाइकाला तो हमखास एक वाक्य ऐकवायचा, "त्यो जळतोय म्हणून तुमी जळत न्हाई. शिव्या कसल्या देता त्याला, हात जोडा."

त्याचं घर आळ्याच्या शिवारात, वस्तीवर. घरी दोघंच. वहिनी तळेघरच्या, वरच्या डोंगराकडच्या. मोठी साथ आली तेव्हा त्या वाचल्या, पण फुप्फुसं कामातून गेली. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालणारं, हवेतून प्राणवायू गाळून देणारं. वहिनी दिवसाचा बहुतेक वेळ त्याच्या नळीला बांधलेल्या. त्यांना वाचायची आवड होती. संध्याकाळी गाळा बंद करताना तो निरोप द्यायचा, "मंडळींनी सांगितलंय, ज्यात कुणी मरत न्हाई असलं पुस्तक द्या."

मी कपाटं धुंडाळायचो. मराठीत ही मागणी पुरी करणं किती अवघड आहे, हे तुम्हीही एकदा करून पाहा. शेवटी पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "पान उलटलं की कोंबडी मरतीया म्हणत्यात."

ते ऑक्सिजनचं मशीन आबांनी दिलेलं होतं. आबा म्हणजे त्या शिवारातले मोठे बागायतदार. पांढरे कपडे, मागंपुढं चार माणसं, आणि दर सणाला फाट्यावर त्यांचा फ्लेक्स. साथीच्या काळात त्यांनी गावाला मशीनं वाटली, हे खरंच चांगलं काम होतं, आणि त्या प्रत्येक मशीनवर स्वतःचा हसरा, हात जोडलेला फोटो चिकटवला, हेही खरंच. वहिनी म्हणायच्या, "श्वास घेतला की समोर आबा. देवाचं बी एवढं दर्शन घेतलं न्हाई मी."

तर एका टोमॅटोच्या चांगल्या साली आबांच्या डोक्यात कॉइन शिरलं. मुंबईचा कुणी भाचा त्यांना सांगून गेला होता की कॉम्प्युटरची कार्डं ओळीनं लावून ठेवली की ती दिवसरात्र गणितं सोडवतात आणि त्याबद्दल नाणी मिळतात. नाणी दिसत नाहीत, पण असतात. मी आयुष्यभर वाचनालय चालवलंय. न दिसणाऱ्या फळासाठी राबणं मला नवीन नव्हतं. मात्र आबांना होतं. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

कार्डांना बारा व्होल्टच लागतात, आणि भरपूर करंट. बाजारातले नवे सप्लाय महाग आणि लेचेपेचे. याच्या विटा त्या कामाला जन्माला घातल्यासारख्या. त्यानं जागाही निवडली, आबांची कांदाचाळ. कांद्याला वारा लागावा म्हणून चाळीला चहूबाजूंनी फटी असतात, खालूनही हवा खेळते. गरम होणाऱ्या यंत्रांना त्याहून चांगलं घर कुठं मिळणार? अँगलची रॅक, त्यावर कार्डांच्या रांगा, खाली विटांच्या रांगा. त्या दिवसांत तो माझ्याकडे आला की चहाच्या आधी त्या रॅकचं वर्णन असायचं. "वाचनालय, एकदा येऊन बघाच. पुण्यात सुदिक असलं काम न्हाई."

त्या कामात एकच गोष्ट त्याला खटकत होती, आणि ती त्यानं आबांना पहिल्याच दिवशी सांगितली होती. चाळ, आसपासच्या विहिरींच्या मोटरी आणि वस्तीवरची घरं, ज्यात त्याचंही घर आलं, सगळी एकाच डीपीवर होती. डीपी म्हणजे आमच्याकडचा खांबांवरचा ट्रान्सफॉर्मर.

"आबा, ह्याला आपली वेगळी डीपी पाह्यजे. ही दमणार."

"अर्ज टाकलाय रे. आपला अर्ज म्हंजे डीपी आलीच समज. तू जोड."

"आलीच तर आल्यावर जोडू की."

आबा हसले. "घरचं मशीन बरं चाललंय ना? मंडळी बऱ्या?"

एवढंच. धमकी नव्हती. आबांच्या मनात कदाचित तसं काही नसेलही. पण त्यानं मला हे सांगितलं तेव्हा शेवटचा प्रश्न दोनदा सांगितला. आणि त्यानं जोडलं.

उद्घाटनाला मी होतो. कांदाचाळीला फुग्यांची कमान, लाल फीत, सत्यनारायण, नारळ. फ्लेक्सवर 'डिजिटल शेतीचा शुभारंभ'. प्रमुख पाहुण्यांनी कात्री चालवली, आत गेले, विटांच्या पंख्यांची घरघर ऐकत रॅकखाली वाकून वाकून बघत राहिले आणि अखेर न राहवून म्हणाले, "पण नाणं पडतं कुठनं?" त्यावर भाच्यानं बरंच काही सांगितलं. पाहुण्यांनी मान डोलावली आणि भाषणात 'आपल्या मातीतलं नाणं' असा शब्दप्रयोग केला. टाळ्या झाल्या. आमचा हा मात्र प्रसादाचा द्रोण घेऊन बाहेर डीपीखाली उभा होता, आणि वर बघत होता.

पुढचं सगळं त्यानं सांगितलं होतं तसंच झालं. सांगणाऱ्याला त्याचं समाधान मिळू नये अशा रीतीनं झालं.

चाळीतली यंत्रं दिवसरात्र चालायची. त्यात घरांची लाइट कायम असली तरी मोटरींची थ्री-फेज लाइट पाळीनं येते, आणि आमच्याकडे प्रत्येकानं मोटरीला ऑटो लावून ठेवलेलं असतं. लाइट आली की विहिरीवर न जाता मोटर आपोआप चालू. म्हणजे लाइट आली की शिवारातल्या झाडून सगळ्या मोटरी एका क्षणी धक्का मारून उठणार. आधीच वाकलेल्या डीपीचा फ्यूज जायचा. फ्यूज गेला की वस्तीवरचं ऑक्सिजनचं मशीन बीप बीप करून बंद. वायरमन एक आणि गावं चिक्कार. तो येईपर्यंत फ्यूज बांधायचा कुणी? गावात ज्याला येतं त्यानं. म्हणजे यानं.

फाट्यावरून वस्तीपर्यंत त्याची मोटरसायकल दिवसातून कितीदा जायची ते मी मोजलं नाही. गाळ्यात फोन वाजायचा, भिंतीपलीकडून मला फक्त "आलो, आलो, नळकांडं लाव" एवढं ऐकू यायचं आणि शटर धाडकन खाली. घरात एक लहान सिलिंडर अडीअडचणीला ठेवलेला होता. तो येईपर्यंत वहिनी त्यावर काढायच्या. तो डीपीची पेटी उघडायचा, बारीक तार बांधायचा, घरी जाऊन मशीन सुरू झालेलं बघायचा आणि परत यायचा.

तो आबांकडे गेला. निम्मी यंत्रं तरी बंद ठेवा म्हणाला. आबा म्हणाले, "अरं, हे काय पीठगिरणी हाय का, आली लाइट गेली लाइट? बंद पडलं की नुकसान. बघू."

"आबा, घरी मंडळींचं मशीन बंद पडतंय."

"म्हणून म्हणतो, डीपीचा अर्ज जोरात लावलाय. आणि तू हाईस की. तुझ्यासारखा माणूस असताना फ्यूज जातोच कसा?"

मी त्याला म्हणालो, वहिनींना इथं आण, गाळ्याच्या मागं खोली आहे. वहिनींना विचारून आला आणि म्हणाला, "न्हाई म्हणत्यात. दारातली पेरूची झाडं सोडून त्या विटांच्या बोंबलण्यात मरायचं न्हाई म्हणत्यात. ह्या खेपंला जरा जाड पुस्तक द्या."

मग एका दिवसापासून फोन येणं थांबलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढं महिनाभर नाही. तो गाळ्यात शांतपणे विटांना डाग देत बसलेला. मी म्हणालो, "आबांनी यंत्रं बंद केली वाटतं?"

"न्हाई."

"मग नवी डीपी आली?"

"न्हाई." हातातली वीट खाली ठेवून म्हणाला, "तार चौपदरी बांधली."

मला विजेतलं कळत नाही, पण त्याची वाक्यं मला पाठ होती, आणि त्याला ते माहीत होतं. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "महिना झाला त्यांना सलग हवा मिळतीया. काल अंगणात खुर्ची टाकून बसल्या व्हत्या. भाजी निवडली. आता तुमी काय म्हणायचं ते म्हणा."

मी म्हणालो, "पुस्तक कुठवर आलं त्यांचं?"

"लई हसत्यात," तो म्हणाला. "एक म्हातारा हाय म्हणं त्यात. त्यो मरंल असं वाटतंय, पण मरतच न्हाई."

ज्या दिवशी झालं त्या दिवशी तो पुण्याला होता. आबांना आणखी एक रॅक वाढवायची होती, त्यासाठी भंगारातून विटा आणायला गेला होता. भर दुपारी पाळीची लाइट आली. मोटरी उठल्या, चाळ चालूच होती. एरवी फ्यूज गेला असता. चौपदरी तार गेली नाही. डीपीतून आधी तेल उकळून खाली आलं, मग असा आवाज झाला की फाट्यावर लोकांनी टायर फुटला म्हणून मागं वळून पाहिलं. मीही पाहिलं.

वस्तीवर वहिनींनी सिलिंडर लावला. तो संपेपर्यंत लाइट येईल असं त्यांना वाटलं, कारण तोवर नेहमी यायचीच. आवाज त्यांनीही ऐकला असेल, पण जळालेली डीपी घरातून दिसत नव्हती. सिलिंडर संपला तेव्हा शेजारच्यांनी त्यांना टोमॅटोच्या पिकअपमध्ये, क्रेटांच्या मधल्या जागेत निजवून नारायणगावकडे नेलं. वाटेतच गेल्या. तो आला तेव्हा त्याच्या पाठीवर पोतं तसंच होतं. उतरवून घ्यायचं कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही.

वीजवाल्यांचे साहेब पंचनाम्याला आले. जळालेल्या पेटीत वितळून आकार बदललेला धातूचा गोळा होता. साहेबांनी विचारलं, "इथं एवढी जाड तार कुणी घातली?"

तो पुढं आला. "मी घातली. चौपदरी."

आबा लगेच म्हणाले, "साहेब, दुःखात हाय तो. बायकू गेलीय. डोकं ठिकाणावर न्हाई."

"डोकं ठिकाणावर हाय. माझं नाव लिवा."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आबांकडे, मग चाळीकडे. तार कुणी घातली हे लिहायचं तर का घातली हेही लिहावं लागलं असतं. त्यांनी 'अज्ञात इसमाने' असं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. आपण दया दाखवली असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. इतरांच्याही.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पिंड ठेवलेले असतात, कावळा यायचा असतो, आणि तेवढ्या वेळात माइकवर तालुक्यातले मान्यवर श्रद्धांजली वाहतात. वहिनींना त्यातल्या एकानंही पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्या प्रेमळ, कष्टाळू आणि धार्मिक होत्या याबद्दल सर्वांचं एकमत झालं. मग आबा उभे राहिले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. म्हणाले, "त्या माउलीनं शेवटपर्यंत जो श्वास घेतला, त्यात आपला खारीचा वाटा व्हता, एवढंच समाधान."

तेव्हा तो उठला. डोकं भादरलेलं, अंगावर ओला पंचा. सूत्रसंचालकाला वाटलं, घरच्यांच्या वतीनं आभार मानायचे असतील. त्यानं माइक हातात दिला. तो म्हणाला, "डीपीत तार मी घातली. मला कळत व्हतं. कळत असून घातली. लिवून घ्या म्हटलं तर कुणी—"

माइक बंद झाला. कुणी बंद केला ते दिसलं नाही. तो बोलतच राहिला, ओठ हलताना दिसत होते. मांडव मोठा, दुसऱ्या माइकवरून पुढच्या मान्यवरांचं नाव पुकारलं जात होतं, आणि पुढच्या रांगेतल्या चारसहा माणसांशिवाय कुणाला काही ऐकू गेलं नाही. ती माणसं खाली बघत होती. मी त्यांच्यात होतो. कावळा आला, पिंडाला शिवला, आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

नवी डीपी फार लवकर आली. आबांच्या अर्जाचं वजन खरंच होतं. पुढं कॉइनचे भाव पडले, भाचा फोन उचलेनासा झाला, आणि चाळीत पुन्हा कांदा पडला. त्याच्या विटा आबांच्या माणसांनी बांधावर रचून ठेवल्या. पण तोवर तो गेला होता. कुणाला सांगून गेला नाही. गाळामालकानं शटर उघडलं तेव्हा आत सामान जागच्या जागी होतं, हत्यारंसुद्धा. मी महिनाभर भिंतीपलीकडून आवाज येईल म्हणून वाचकांना जरा मोठ्यानं बोलू देत होतो.

तो वहिनींच्या माहेरी असल्याचं मला भाताच्या दिवसांत कळलं. तळेघरला जाणारी एसटी जिथं सोडते तिथून पुढं बरंच चालावं लागतं. पायवाटेवर डोक्यावर भारा घेतलेला एक शेतकरी भेटला. मी घर विचारलं.

"आमच्याच घरी की. दाजींकडं आलाय व्हय?" तो वहिनींचा भाऊ निघाला. चालता चालता बोलत होता. "लई गरीब माणूस. नाचणी निंदतो, गुरं वळतो. सांगंल ते काम करतो. पण काय हाय, फाट्याकडचा असून बी त्येला मशिनीतलं काहीच कळत न्हाई बघा. परवा पोरीच्या बॅटरीत सेल घालून द्या म्हटलं. तर म्हणतो, मला येत न्हाई."

दाजी खाचरात होते. पाठमोरा, अनवाणी, वाकून भात कापणारा. मेव्हण्यानं हाक मारली. त्यानं वळून मला ओळखलं. विळा तसाच हातात धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून जरा मान हलवली, नाही म्हणताना हलवतात तशी.

"खरं की न्हाई दाजी?" मेव्हणा हसत म्हणाला. "पावण्यांना सांगा, सेल सुदिक घालता येत न्हाई."

"न्हाई येत," तो म्हणाला.

मेव्हण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नसेल येत," आणि चपला काढून बांधावर बसलो. तो पुन्हा वाकला.